दुचाकीच्या लांब प्रवासासाठी जीपीएस: निवड, जोडणी आणि सेटिंग

दुकानात जीपीएस हातात घेतला की स्क्रीन किती इंची, मेमरी किती, हे विचारण्याआधी त्यालाच एक रस्ता विचारा: शिवडी ते चिर्ले. वाहनाच्या जागी मोटरसायकल निवडा आणि काय दाखवतो ते बघा. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू दाखवला, तर यंत्र नापास. त्या पुलावर दुचाकीला पहिल्या दिवसापासून मज्जाव आहे. बाइकवाल्याने वाशीचा खाडीपूल ओलांडून नवी मुंबईतून जायचं असतं.

एवढ्यावर थांबू नका. वांद्रे ते वरळी विचारा, सागरी सेतू यायला नको. चेंबूर ते सीएसएमटी विचारा, पूर्व मुक्त मार्ग यायला नको. भायखळ्याहून सीएसएमटीला जाताना जे. जे. उड्डाणपुलावर चढवतो का, खालून नेतो, ते पाहा. कोस्टल रोडचंही तसंच. मग शहराबाहेरचे दोन: पनवेल ते पुणे विचारल्यावर द्रुतगती मार्ग टाळून जुना महामार्ग यायला हवा, आणि नाशिक ते नागपूर विचारल्यावर समृद्धी महामार्ग यायला नको. हे सगळे रस्ते दुचाकीला बंद आहेत आणि सगळेच वेळ वाचवणारे आहेत. म्हणजे ‘सर्वात जलद मार्ग’ शोधणारं यंत्र तिकडेच ओढ घेणार. चुकून वर चढलात तर परत फिरायला जागा नाही, दंडाची पावती वेगळी.

नापास होण्याची कारणं दोन असतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. पहिलं, यंत्रात मोटरसायकल हा पर्यायच नाही किंवा तो नुसता चिन्हापुरता आहे, आतून हिशोब मोटारीचाच. असं यंत्र घेऊ नका. दुसरं, पर्याय खरा आहे, पण नकाशात एखाद्या नव्या रस्त्याची बंदी अजून नोंदलेली नाही. सातपैकी एकच चाचणी चुकली, तीही नव्या रस्त्याची, तर बहुधा हे कारण. अशा वेळी नकाशा अद्ययावत करून पुन्हा बघा. तरीही चुकलं तर तो रस्ता ‘टाळा’ यादीत हाताने टाकता येतो का ते विचारा. गार्मिन कंपनीच्या मोटरसायकल यंत्रांत तशी सोय आहे.

फोन, जुना फोन की वेगळं यंत्र?

महिन्यातून एकदा माळशेज, लोणावळा, अलिबाग एवढीच धाव असेल, तर वेगळ्या यंत्रावर पैसे घालण्याची गरज नाही. गूगल मॅप्समध्ये भारतासाठी दुचाकीचा पर्याय डिसेंबर २०१७ पासून आहे. पण रोजचा महागडा फोन हँडलवर लावू नका. त्याला कारण आहे. चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात लेन्स बारीक स्प्रिंगांवर आणि चुंबकांवर तरंगती असते, हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून. एक सिलिंडरच्या इंजिनाची थरथर हँडलमधून थेट तिथे पोचते आणि ही तरंगती लेन्स निकामी होऊ शकते. फोटो लाटा आल्यासारखे थरथरते दिसायला लागतात. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये मोटरसायकलच्या थरथरीबद्दल लेखी सूचनाच काढली होती. लावायचाच असेल तर रबरी बुशिंगचा डँपर असलेला माउंट घ्या.

सर्वात स्वस्त आणि तरीही टिकाऊ उपाय म्हणजे घरातला जुना फोन. त्यात सिम घालायचं नाही. ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स हे नकाशाचं अ‍ॅप घ्यायचं, महाराष्ट्र आणि जिथे जायचं त्या राज्यांचे नकाशे घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचे. उपग्रहाचा संकेत पकडायला सिम लागत नाही, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. जीपीएस फक्त ऐकतो, तो काही पाठवत नाही. सिम लागतं ते नकाशा आणि रहदारीची माहिती ओढायला.

बाइकच्या मीटरमध्येच दिशा दिसण्याची सोय असेल, तर तीही पारखून घ्या. रॉयल एनफिल्डचा ट्रिपर २०२० मध्ये मिटिओरबरोबर आला, आणि २०२३ च्या हिमालयन ४५० मध्ये गोल पडद्यावर अख्खा गूगल नकाशा आला. दोन्हींचा जीव खिशातल्या फोनमध्ये आहे. फोन तापला, बॅटरी संपली, की पडदा मुका. फोनचा पडदा नुसता बाहेर दाखवणारे जलरोधक अँड्रॉइड ऑटोचे डबेही असेच परावलंबी. ऊन, पाऊस आणि धक्के मात्र ते फोनऐवजी स्वतः सोसतात, आणि पावसाळ्यात ही मोठी गोष्ट आहे.

वेगळं मोटरसायकल यंत्र, म्हणजे गार्मिन झुमो एक्सटीसारखं, कुणी घ्यावं? जो दहा-बारा दिवसांच्या फेऱ्या करतो, लडाख, स्पिती किंवा ईशान्येकडे जातो, किंवा पावसातही थांबत नाही, त्याने. लडाखला महाराष्ट्राचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेही वस्तीच्या आसपास. तिथे यंत्रातच असलेला नकाशा हाच नकाशा.

हातात धरायचे ट्रेकवाले जीपीएस, उदाहरणार्थ गार्मिन ईट्रेक्स, दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतात आणि सेल कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात. पण पडदा छोटा, आणि ६०च्या वेगात वळणाचा बाण वाचायला गेलात तर समोरचा खड्डा हमखास नजरेतून सुटतो. आधी आखून ठेवलेली रेघ धरून जायला ठीक.

‘आय’ अक्षर बघून घ्या

हा परिच्छेद वगळू नका. काही यंत्रांत उपग्रहाद्वारे संदेश पाठवण्याची सोय असते, गार्मिन तिला इनरीच म्हणतं. अशा बऱ्याच मॉडेलांच्या शेवटी ‘आय’ (i) हे अक्षर येतं: मोंटाना ७०० साधं, ७००आय मध्ये इनरीच. जीपीएसमॅप ६६आय आणि ६७आय हीसुद्धा तशीच. ही यंत्रं इरिडियम उपग्रहांशी बोलतात आणि भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र जवळ बाळगणं बेकायदा आहे. विमानतळावर सामानात सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांवर गुन्हे दाखल झाले आहेत. दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी ‘चांगलं मॉडेल’ आणून देतो म्हणाला, तर आधी मॉडेलचं पूर्ण नाव मागवा. साधा, फक्त ऐकणारा जीपीएस वापरायला कसलीही अडचण नाही.

बाहेरून आणलेल्या यंत्राचा दुसरा घोळ नकाशाचा. युरोपसाठी विकलेल्या यंत्रात भारत नसतो, तो वेगळा विकत घ्यावा लागतो किंवा ओपनस्ट्रीटमॅपवर बनवलेला मोफत नकाशा मेमरी कार्डावर चढवावा लागतो. ते जमतं, पण दुकानदार ‘वर्ल्ड मॅप आहे साहेब’ म्हणतो तेव्हा चालू करून वाडा, जव्हार, मोखाडा शोधायला लावा. जागतिक मूळ नकाशात फक्त शहरं आणि महामार्गांच्या रेघा असतात, जव्हारची गल्ली नसते.

पडदा, पाणी, ऊन

पडद्याची चमक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. यंत्र घेऊन दाराबाहेर या, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, आणि सूर्याकडे पाठ करून पडदा बघा. तुमचाच पांढरा शर्ट पडद्यात नकाशापेक्षा ठळक दिसला तर चमक कमी. उन्हासाठी आठशे ते हजार निट्स (चमक मोजायचं एकक) असावेत. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घालून यंत्र उभं आणि आडवं दोन्ही फिरवून पाहा, काही पडदे एका कोनात पूर्ण काळे पडतात.

चमकीची किंमत बॅटरी मोजते. झुमो एक्सटी निम्म्या प्रकाशात सहा तास चालतो, पूर्ण प्रकाशात साडेतीन. दिवसभराच्या प्रवासात पूर्ण प्रकाशच लागतो, म्हणून आतल्या बॅटरीचे तास बघून यंत्र निवडू नका. बाइकच्या बॅटरीवर जोडायचंच आहे असं धरून चला.

पाण्याच्या आकड्यात फसगत होते. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी आत पाणी जात नाही. पण जोरदार फवाऱ्याची चाचणी आयपीएक्स ६ ची, आणि एक पास झालं म्हणजे दुसरं पास असा अर्थ होत नाही. ८०च्या वेगात कोकणातला आडवा पाऊस हा फवाराच असतो. दोन्ही नोंदी असतील तर उत्तम. बाइक प्रेशरने धुवायला देताना यंत्र काढूनच घ्या.

खरं पाणी आत शिरतं ते चार्जिंगच्या भोकातून. फोनच्या टाइप सी पोर्टमध्ये थेंब गेला की फोन ‘ओलावा आहे’ म्हणून चार्जिंगच घेत नाही, आणि ताम्हिणीत दुपारी चारला बारा टक्के बॅटरी उरते. मोटरसायकल यंत्रांना पोर्टऐवजी पाळण्यात, म्हणजे यंत्र अडकवायच्या चौकटीत, धातूची टोकं असतात, यंत्र ठेवलं की वीज चालू. वेगळ्या यंत्राचे पैसे वसूल होतात ते मुख्यतः इथे. या टोकांना समुद्रकाठी खार चढतो, हिरवट थर दिसला की आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. यंत्र काढल्यावर पाळण्याचं रबरी झाकण लावायला विसरू नका.

पावसात पडद्याला बोट लागतं, तसे थेंबही लागतात. थेंब ओघळताना नकाशा आपोआप सरकतो, मोठा होतो, कधी मार्गच रद्द होतो. दुकानात पडद्यावर चमचाभर पाणी शिंपडून आणि पावसाळी हातमोजे घालून बघा. पडदा कुलूपबंद करायची सोय असेल तर पावसात तीच वापरायची, आणि सूचना हेल्मेटच्या ब्लूटूथवर ऐकायच्या.

बसवणं

बहुतेक बाइकचं हँडल २२ मिलिमीटर जाडीचं असतं, जाड्या हँडलवाल्या बाइकवर मध्यभागी २८.६. क्लँप घेण्याआधी मोजा, रबराचे तुकडे कोंबून ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. खडकाळ रस्त्यावर तो क्लँप अर्ध्या तासात गोल फिरतो. एक इंची रबरी गोळ्याचा माउंट सोपा पडतो, कारण एकाच मापात अनेक कंपन्यांचे भाग जुळतात. पाळण्याच्या पाठीला ३० बाय ३८ मिलिमीटरवर चार भोकं असतील तर तो जवळपास कुठल्याही माउंटवर बसतो.

जागा शक्यतो मीटरच्या वर किंवा हँडलच्या मध्यावर. पेट्रोलच्या टाकीवरच्या बॅगेत ठेवलं तर मान खाली जाते, नजर रस्त्यावरून जास्त वेळ हटते. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत वळवा. केबल ताणली जाते का, क्लचची तार घासते का, ते बघा.

आता वीज. मुंबईत वायर आणि फ्यूज लोहार चाळीत, रिले (चावीबरोबर वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि चांगला चार्जर लॅमिंग्टन रोडला मिळतो. लागतं ते एवढं: ०.७५ चौरस मिलिमीटरची तांबडी आणि काळी लवचीक वायर, जलरोधक फ्यूज होल्डर, ३ अँपिअरचे तीन फ्यूज, चार पायांचा १२ व्होल्टचा रिले, रिंग लग, हीट श्रिंक नळी.

फ्यूज ३ अँपिअरचाच का? ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर १५ वॉट देतो. वाया जाणारी वीज धरून तो बॅटरीकडून साधारण १.३ अँपिअर खेचतो. ३ चा फ्यूज त्याला पुरून उरतो आणि वायर तापण्याआधी उडतो. हाताला लागला म्हणून १५ चा टाकलात, तर फ्यूजच्या आधी वायर जळेल. यंत्राच्या स्वतःच्या केबलला फ्यूज असेल तर तो काढू नका.

जोडताना आधी बॅटरीचं ऋण टोक सोडवा. धन टोकावरून तांबडी वायर घ्या आणि पंधरा सेंटिमीटरच्या आत फ्यूज होल्डर लावा. फ्यूजच्या अलीकडच्या वायरला कुणाचंच संरक्षण नसतं, म्हणून ती तोकडी हवी. फ्यूजमधून निघालेली वायर रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ नंबरवरून चार्जरची किंवा पाळण्याची धन वायर. ८५ नंबर ऋणाकडे. ८६ ला अशी वायर जोडायची जिच्यात चावी फिरवल्यावरच करंट येतो, मागच्या ब्रेकच्या स्विचला येणारी वायर सोयीची. अंदाजाने टोचू नका, मल्टिमीटर लावा: चावी बंद असताना शून्य, चालू केल्यावर बारा व्होल्टच्या आसपास. चार्जरची काळी वायर थेट बॅटरीच्या ऋणाकडे न्या, रंगवलेल्या चेसिसवर अर्थ नीट लागत नाही.

रिलेची कटकट कशाला, असं मेकॅनिक म्हणेल. थेट बॅटरीवर जोडलेला चार्जर रिकामा असतानाही थोडी वीज पीत राहतो. १५ मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला ०.३६ अँपिअर-तास होतात. ८ अँपिअर-तासाची बॅटरी पंधरा दिवसांत पाच-साडेपाच गमावते. मग सेल्फ मारला की टक् असा एकच आवाज. मुंबईत आठवडे-आठवडे सोसायटीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या बाइकचं हे नेहमीचं दुखणं आहे.

हलक्या चार्जरचा आणखी एक त्रास सहसा लक्षात येत नाही. त्याचा विद्युत गोंगाट उपग्रहाच्या क्षीण संकेतावर चढतो. यंत्रातलं उपग्रहांचं पान उघडा, चार्जर बंद असताना पट्ट्या किती उंच आहेत ते बघा, मग चालू करा. पट्ट्या खाली बसल्या तर चार्जर बदला.

पहिल्यांदा चालू करताना

नवं यंत्र गच्चीवर किंवा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून द्या. जीपीएस उपग्रह माहिती सेकंदाला फक्त ५० बिट वेगाने पाठवतो, सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. गल्लीत, दोन उंच इमारतींमध्ये उभं राहून ‘सिग्नलच पकडत नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

मग सेटिंग. ‘टोल टाळा’ बंद ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नसतो, पण यंत्राला ते कळलं नसेल तर तो फुकटच्या चांगल्या रस्त्यावरून उतरवून गावागावांतून फिरवतो. ‘वळणदार मार्ग’ हा पर्याय पावसाळ्यात बंद. त्याला वरंधा घाट फार आवडतो, आणि तो घाट पावसाळ्यात दरडीच्या भीतीने बंद ठेवला जातो हे त्याला ठाऊक नसतं.

फेरीबोटीच्या सेटिंगवर मात्र विचार करा. अलिबाग, मुरूडवरून किनाऱ्याने गुहागरकडे जायचं तर आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि पुढे तवसाळ ते जयगड असे जंगार लागतात, बाइक त्यावर चढते. ‘फेरी टाळा’ चालू असेल तर यंत्र प्रत्येक खाडीला आत वळसा घालून महाड, खेडच्या बाजूने नेईल, अख्खा दिवस जाईल. बंद असेल तर तो धक्क्यावर आणून सोडेल, पण शेवटचा जंगार सुटला की नाही ते त्याला कळत नाही. म्हणून चालू ठेवायचं आणि ज्या दिवशी किनारा त्या दिवशीच बंद करायचं, वेळ आधी फोनवर विचारून.

घरी संगणकावर आखलेला मार्ग यंत्रात टाकला की तो वेगळाच दिसतो, ही तक्रार सर्वांची. आखलेला मार्ग ज्या जीपीएक्स फाइलमध्ये साठवतात, तिच्यात ‘रूट’ आणि ‘ट्रॅक’ वेगळे असतात. रूट म्हणजे फक्त काही बिंदू, त्यांच्यामधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावर नव्याने काढतं. ट्रॅक म्हणजे आखलेली रेघ, ती बदलत नाही. रूट वापरायचा तर प्रत्येक महत्त्वाच्या फाट्याच्या थोडं पुढे एक बिंदू ठेवा, फाट्यावरच नको. बिंदू पूर्ण झूम करून तुमच्या बाजूच्या मार्गिकेवर बसवा. दुभाजकाच्या पलीकडे पडला, तर यंत्र दोन किलोमीटर पुढून यू-टर्न घ्यायला लावेल. ‘मार्ग सुटल्यास आपोआप नवा मार्ग’ याऐवजी ‘विचारून’ ठेवा.

होमस्टेवाल्याने अंश-मिनिटांत जागा पाठवली आणि तुम्ही ती दशांशात टाकली, तर काय होतं? १८ अंश ५५ मिनिटं म्हणजे १८.९१६७, १८.५५ नव्हे. फरक सुमारे चाळीस किलोमीटरचा. अंधार पडल्यावर हा फरक फार जाणवतो.

कायद्याची बाजू: १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांतल्या बदलानुसार फोन फक्त रस्ता दाखवण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. चालत्या बाइकवर पत्ता टाइप करणं त्यात बसत नाही.

मोठ्या प्रवासाआधी खोपोलीच्या जुन्या घाटापर्यंत जाऊन या. खंडाळ्याकडे चढताना जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग इतके खेटून जातात की यंत्र मधेच तुम्हाला शेजारच्या रस्त्यावर दाखवतं. तुमचं यंत्र तिथे किती गोंधळतं, आणि किती वेळाने सावरतं, हे आधी कळलेलं बरं. तिथे फलकावर विश्वास ठेवायचा, बाणावर नाही. परत आल्यावर माउंटचे बोल्ट पुन्हा आवळा, पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ते थोडे सैल होतातच. उरलेले दोन फ्यूज प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली चिकटपट्टीने लावून ठेवा.